लघुग्रहांचे नामकरण: कक्षा आधी, नाव मागाहून

१९८८ साली जपानमधल्या टोयोटा शहरातून केन्झो सुझुकी यांना एक लघुग्रह सापडला. यथावकाश त्याला ४५३८ हा क्रमांक मिळाला, नाव मात्र मिळाले नाही. शोधकाला नाव सुचवण्यासाठी दहा वर्षांची मुदत असते, ती उलटून गेली. २०१५ मध्ये मायनर प्लॅनेट सेंटरमधल्या मायकेल रुडेन्को या बुद्धिबळप्रेमी गृहस्थांनी विश्वनाथन आनंद यांचे नाव सुचवले आणि ४५३८ क्रमांकाचा तो दगड ‘विशीआनंद’ झाला. शोध लागल्यापासून नाव पडेपर्यंत सत्तावीस वर्षे गेली होती.

लघुग्रहांच्या बाबतीत ही दिरंगाई नव्हे, रीत आहे. ‘अमक्याच्या नावाने लघुग्रह’ अशी बातमी वाचली की कोणीतरी आकाशातली एखादी वस्तू निवडून तिच्यावर पाटी लावली, असे वाटते. प्रत्यक्षात नाव ही साखळीतली शेवटची कडी असते. त्याआधी त्या वस्तूची कक्षा पक्की व्हावी लागते, आणि या शिस्तीतला जवळपास प्रत्येक नियम कोणत्या ना कोणत्या भांडणातून किंवा फजितीतून आलेला आहे. तो इतिहास पाहिल्याशिवाय नियमांचा अर्थ लागत नाही.

वस्तू कोणती

सूर्याभोवती स्वतंत्रपणे फिरणाऱ्या, पण ग्रह नसलेल्या आणि धूमकेतूही नसलेल्या वस्तूंना लघुग्रह म्हणतात. मंगळ आणि गुरू यांच्यामधला पट्टा हे त्यांचे मुख्य ठिकाण. पण पृथ्वीजवळून जाणारे, गुरूच्या कक्षेतच त्याच्या पुढे-मागे चालणारे आणि नेपच्यूनच्या पलीकडचे थंड गोळेही याच नोंदवहीत येतात. प्लूटोसुद्धा २००६ पासून १३४३४० या क्रमांकाने तिथेच आहे. १९९९ मध्ये त्याला १०००० हा मानाचा क्रमांक देऊ केला होता. त्यावर इतका गदारोळ उठला की तो बेत सोडून द्यावा लागला. सात वर्षांनी मिळालेल्या क्रमांकात कसलाच मान उरला नव्हता.

निर्देशांकापासून नावापर्यंत

लघुग्रह दिसला की प्रथम त्याला तात्पुरता निर्देशांक मिळतो. पंडित जसराज यांच्या नावाचा लघुग्रह आधी ‘२००६ व्हीपी३२’ होता. यातले २००६ हे शोधाचे वर्ष. वर्षाचे चोवीस पंधरवडे पाडून प्रत्येकाला एक रोमन अक्षर दिलेले असते. त्यात ‘आय’ हे अक्षर वगळतात, कारण ते एकच्या आकड्यासारखे दिसते. या हिशेबाने ‘व्ही’ म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. दुसरे अक्षर त्या पंधरवड्यातला अनुक्रम सांगते. इथेही ‘आय’ गाळले की पंचवीस अक्षरे उरतात आणि ‘पी’ पंधरावे येते. पंचवीस वस्तू झाल्या की अक्षरे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, आणि अशी किती आवर्तने झाली ते शेवटचा आकडा दाखवतो. बत्तीस गुणिले पंचवीस म्हणजे आठशे, अधिक पंधरा. म्हणजे नोव्हेंबर २००६ च्या पहिल्या पंधरवड्यात नोंदलेली ही आठशे पंधरावी वस्तू. मोजक्या चिन्हांत एवढी माहिती बसवणारी ही पद्धत १९२५ पासून चालत आली आहे.

पण तात्पुरता निर्देशांक म्हणजे ओळख नव्हे. चार रात्रींच्या वेधांवरून काढलेली कक्षा इतकी ढोबळ असते की पुढच्या वर्षी ती वस्तू नेमकी कुठे शोधायची हे सांगता येत नाही. म्हणून ती अनेक प्रतियुतींमध्ये (पृथ्वीवरून पाहताना ती सूर्याच्या विरुद्ध बाजूला येते त्या काळांत), साधारणपणे चार किंवा अधिक, पुन्हा पुन्हा सापडावी लागते. जुन्या छायाचित्रांत ती नकळत टिपली गेली असेल तर त्या नोंदीही जोडून घेतात. कक्षा भरवशाची झाली की अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज येथील मायनर प्लॅनेट सेंटर तिला कायमचा क्रमांक देते. त्यानंतरच नाव सुचवण्याचा हक्क लागू होतो. हा हक्क शोधकाचा. सुचवलेले नाव आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या, म्हणजे आयएयूच्या, एका कार्यगटापुढे जाते. सोबत त्या नावामागची व्यक्ती किंवा गोष्ट काय हे सांगणारे छोटे टिपण द्यावे लागते. गटाने मान्यता देऊन नाव प्रसिद्ध केले की ते पक्के होते.

इतकी सावधगिरी का, याचे उत्तर पहिल्याच लघुग्रहाने दिले होते. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मोहून जुझेप्पे पियाझ्झी यांना सेरेस दिसला. फेब्रुवारीपर्यंत त्यांनी त्याचा पाठलाग केला, मग ते आजारी पडले आणि सेरेस सूर्याच्या प्रकाशात दिसेनासा झाला. नाव ठरले, पण वस्तू गेली कुठे ते कोणालाच ठाऊक नाही, असा प्रकार झाला. चोविशीतल्या गणितज्ञ गाउसने तुटपुंज्या वेधांवरून कक्षा काढण्याची नवी रीत बसवली आणि तिच्या आधारे वर्षअखेरीस फॉन त्साख यांना सेरेस परत सापडला. गाउसच्या कीर्तीचा मोठा भाग या हरवलेल्या वस्तूने मिळवून दिला आहे.

पुढेही अशा फजित्या झाल्या. व्हिएन्नाच्या योहान पालिसा यांनी १९११ मध्ये शोधलेला ७१९ आल्बर्ट लगेच हरवला आणि २००० साली सापडला. तब्बल एकोणनव्वद वर्षे क्रमांक आणि नाव कागदावरच होते. ११२५ चायनाची कथा तर आणखी मजेशीर आहे. १९२८ मध्ये झांग युझ यांनी अमेरिकेतल्या यर्कीस वेधशाळेतून तो शोधला आणि मायदेशाचे नाव दिले. तो हरवला. १९५७ मध्ये चीनमधून दुसराच एक लघुग्रह सापडला, तेव्हा ११२५ हा क्रमांक आणि ‘चायना’ हे नाव दोन्ही त्याला देऊन टाकले. १९८६ मध्ये मूळचा लघुग्रह परत आला, पण त्याची जागा भरलेली होती. मग त्याला ३७८९ क्रमांक देऊन ‘झोंगग्वो’ म्हटले, म्हणजे चिनी भाषेतले चीनचेच नाव. एका देशाच्या नावाने दोन लघुग्रह झाले ते असे.

देवींचे राज्य आणि त्यातले घुसखोर

पियाझ्झींनी दिलेले पूर्ण नाव ‘सेरेस फर्डिनांडेआ’ होते. सेरेस ही धान्याची रोमन देवी, सिसिलीची पाठराखीण. फर्डिनांड हा तिथला राजा आणि वेधशाळेचा आश्रयदाता. जर्मनीत काहींना हेरा किंवा जूनो हवे होते, फ्रान्समध्ये लालांद त्याला ‘पियाझ्झी’ म्हणत राहिले. अखेर शोधकाच्या शब्दाला मान मिळाला आणि राजाचे नाव गळून पडले. या पहिल्या तंट्यातून दोन संकेत निघाले: नाव शोधकाने द्यावे आणि ते देवीचे असावे. पुढे पॅलस, जूनो आणि व्हेस्टा याच वळणाने आले. त्यांतले व्हेस्टा हे नाव निवडण्याचा मान शोधक ओल्बर्स यांनी गाउसला दिला होता.

देवींच्या राज्यात पहिली कुरबुर १८५० मध्ये झाली. जॉन रसेल हाइंड यांनी लंडनहून शोधलेल्या बाराव्या लघुग्रहाला ‘व्हिक्टोरिया’ म्हटले. व्हिक्टोरिया ही विजयाची रोमन देवी आहेच, पण गादीवर कोण होते ते साऱ्या जगाला ठाऊक होते. अमेरिकन नियतकालिकाचे संपादक गूल्ड यांनी हे नाव छापायचे नाकारून ‘क्लिओ’ वापरले. हाइंड यांनी देवीकडे बोट दाखवून वेळ मारून नेली आणि नाव टिकले. क्लिओ हे नाव पुढे चौऱ्याऐंशीव्या लघुग्रहाला मिळाले. गूल्डची तक्रार मला रास्त वाटते, पण ती टिकणारी नव्हती. सात वर्षांनी पॅरिसच्या गोल्डश्मिट यांनी पंचेचाळिसाव्याला तिसऱ्या नेपोलियनच्या राणीचे, युजेनीचे नाव दिले आणि तेव्हा देवीचा आडपडदाही ठेवला नाही. लगेच १८५८ मध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्यासाठी ‘अलेक्झांड्रा’ आली. पुरुषाचा सन्मान करायचा तर नाव स्त्रीलिंगी करून घ्यायचे, ही पळवाट तेव्हापासून पडली आणि विसाव्या शतकात बराच काळ चालली. हजारावा लघुग्रह ‘पियाझ्झिया’ आणि त्यानंतरचा ‘गाउसिया’ हे तिचेच नमुने.

पैशाचा प्रश्न १८८५ मध्ये उघड्यावर आला. पालिसा यांना पुढल्या वर्षीचे खग्रास सूर्यग्रहण पाहायला जायचे होते आणि खर्चाची तजवीज नव्हती. त्यांनी ‘ऑब्झर्व्हेटरी’ या इंग्रजी मासिकातून जाहीर केले की २४४ क्रमांकाच्या लघुग्रहाला नाव देण्याचा हक्क पन्नास पौंडांना मिळेल. पुढे पन्नास पौंड मोजून रॉथशिल्ड घराण्यातल्या आल्बर्ट यांनी पत्नीचे नाव दिले, पण ते २५० क्रमांकाला. तो झाला ‘बेट्टिना’. विक्रीला काढलेल्या २४४ चे नाव आज ‘सीता’ आहे, आपल्या रामायणातली सीता. मघाचा हरवलेला आल्बर्ट तो याच रॉथशिल्ड यांच्या नावाचा. दुर्बिणीतून नुसत्या डोळ्यांनी १२२ लघुग्रह शोधणाऱ्या या माणसाला प्रवासखर्चासाठी नाव विकायला काढावे लागले, यात विनोदापेक्षा त्या काळच्या विज्ञानाची ओढाताण जास्त दिसते. देणगीदारांचे ऋण फेडण्याची सभ्य रीतही होती. छायाचित्रणाने सापडलेल्या पहिल्या लघुग्रहाला, ३२३ ला, माक्स वोल्फ यांनी दुर्बिणीसाठी देणगी देणाऱ्या कॅथरिन ब्रूस यांच्यावरून ‘ब्रुशिया’ म्हटले. आज नाव विकत घेता येत नाही.

देवींचे राज्य संपवले ते कक्षांनी. १८९८ मध्ये गुस्ताव विट यांना पृथ्वीच्या फार जवळ येणारा ४३३ वा लघुग्रह सापडला. वेगळ्या कक्षेला वेगळे नाव हवे म्हणून त्याला ‘एरॉस’ हे पुरुषी नाव मिळाले. १९०६ मध्ये वोल्फना गुरूच्याच कक्षेत फिरणारा लघुग्रह दिसला, तेव्हा पालिसा यांनी ट्रॉयच्या युद्धातले वीर सुचवले. त्यातून अकिलिस आला, मग पॅट्रोक्लस, मग हेक्टर. आता गुरूच्या पुढे चालणाऱ्यांना ग्रीक गोटातली आणि मागे चालणाऱ्यांना ट्रोजन गोटातली नावे देतात. पण हा नियम होण्याआधीच ग्रीक पॅट्रोक्लस ट्रोजनांत आणि ट्रोजन हेक्टर ग्रीकांत जाऊन बसले होते. दोघांनाही कोणी हलवलेले नाही.

नियम आणि त्यांची कुळकथा

आजचे नियम एका बैठकीत वाचून होतात. नाव रोमन लिपीत सोळा अक्षरांच्या आत असावे, शक्यतो एकाच शब्दाचे असावे, कोणत्या तरी भाषेत उच्चारता यावे, कुणाचा अपमान करणारे नसावे आणि आधीच्या एखाद्या नावाशी घोटाळा होईल इतके जवळचे नसावे. ‘पंडितजसराज’ किंवा ‘कल्पनाचावला’ अशी नावे जोडून लिहिलेली दिसतात ती यामुळे. व्यापारी नावे चालत नाहीत. शोधकाने स्वतःचे नाव देऊ नये हाही संकेत आहे.

पाळीव प्राण्यांच्या नावांबद्दलची नापसंती एका मांजराने ओढवून घेतली. जेम्स गिब्सन यांनी १९७१ मध्ये शोधलेला २३०९ हा लघुग्रह ‘मिस्टर स्पॉक’ आहे. हा सन्मान ‘स्टार ट्रेक’मधल्या पात्राचा नसून त्या पात्रावरून नाव ठेवलेल्या गिब्सन यांच्या मांजराचा आहे. त्यावर ओरड झाली आणि तेव्हापासून अशा प्रस्तावांना नाके मुरडली जातात.

सर्वांत शहाणपणाचा नियम राजकारणाचा आहे. प्रामुख्याने राजकीय किंवा लष्करी कामासाठी ओळखली जाणारी व्यक्ती किंवा घटना असेल, तर मृत्यूला किंवा घटनेला शंभर वर्षे होईपर्यंत तिचे नाव देता येत नाही. याची गरज जुनी यादी पाहिली की पटते. तिच्यात लेनिनवरून ‘व्लादिलेना’ आहे, कार्ल मार्क्स आहे, आणि अर्जेंटिनाच्या एव्हा पेरोनच्या गौरवासाठी ‘एव्हिता’सह पाच-पाच लघुग्रह आहेत. ९३२ ‘हूवेरिया’ मात्र वेगळ्या कारणाने आला. पहिल्या महायुद्धानंतर उपाशी ऑस्ट्रियाला अन्न पोचवणाऱ्या हर्बर्ट हूवर यांना पालिसा यांनी १९२० मध्ये तो वाहिला. तेव्हा हूवर अजून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष व्हायचे होते. आजच्या नियमाने एव्हिता अडली असती, हूवेरिया कदाचित सुटला असता.

नेपच्यूनपलीकडच्या मोठ्या वस्तूंना सृष्टिनिर्मितीशी जोडलेल्या देवता देतात आणि जिथे प्लूटोसारखी कक्षा असते तिथे पाताळातल्या. युरोपबाहेरच्या पुराणांना खरी जागा मिळाली ती इथे. २०००० क्रमांकावर आपला वरुण आहे, ५०००० वर कॅलिफोर्नियातल्या टोंगव्हा लोकांचा क्वाओआर, ९०३७७ वर इनुइटांची सेडना. गुरूच्या कक्षेतल्या लघुग्रहांसाठी मात्र वीर संपत आले. होमरच्या महाकाव्यांत नावे तरी किती असणार? म्हणून २०१८ पासून त्यांतल्या लहान वस्तूंना ऑलिंपिक खेळाडूंची नावे देता येतात.

नियम मोडायचा नाही आणि मनातलेही करायचे, याचा सुंदर नमुना खगोलशास्त्रज्ञ कार्ल राइनमुथ यांचा आहे. त्यांच्याच क्षेत्रातल्या गुस्ताव श्ट्राके यांनी आपले नाव लघुग्रहाला देऊ नये असे सांगितले होते, अशी कथा आहे. राइनमुथ यांनी १२२७ ते १२३४ या आठ लघुग्रहांना वनस्पतींवरून आणि इतर काही नावे दिली: गेरॅनियम, स्कॅबिओसा, टिलिया, राइसिया, ऑरिक्युला, कॉर्टुसा, कोब्रेसिया, एलिना. त्यांची रोमन आद्याक्षरे ओळीने वाचली की ‘जी. श्ट्राके’ निघते. आकड्यांशी खेळणारेही आहेत. कादंबरीकार डग्लस अॅडम्स यांच्या नावाचा लघुग्रह मूळचा ‘२००१ डीए४२’: त्यांच्या मृत्यूचे वर्ष, त्यांची आद्याक्षरे आणि त्यांच्या कादंबरीतला बेचाळीस हा प्रसिद्ध आकडा. जसराजांच्या ३००१२८ मध्ये त्यांची जन्मतारीख, २८ जानेवारी १९३०, उलट क्रमाने आली आहे.

सन्मान कुणाचा

यादी चाळताना सर्वांत गंभीर वाटतात ते ओळीने दिलेले क्रमांक. ३३५० ते ३३५६ हे १९८६ मध्ये चॅलेंजर यानात मरण पावलेले सात अंतराळवीर. ५१८२३ ते ५१८२९ हे २००३ मधले कोलंबियाचे सात, त्यांत ५१८२६ कल्पना चावला. शास्त्रज्ञ तर असणारच: २००१ आइन्स्टाइन, १९५८ चंद्रा (चंद्रशेखर), २५९६ वेणू बाप्पू. ओळीने चार बीटल आहेत. फ्रेडी मर्क्युरी १७४७३ वर आहे. झांझिबारमध्ये जन्मलेल्या या पारशी गायकाचे, मूळच्या फारुख बल्साराचे, शिक्षण पाचगणीत झाले. त्याचा सहकारी आणि खगोलशास्त्राची डॉक्टरेट मिळवलेला ब्रायन मे याने २०१६ मध्ये हे नाव जाहीर केले. मेच्या नावाचाही लघुग्रह आहे.

या यादीत गुणवत्तेची मांडणी शोधू नये. ज्याच्याकडे दुर्बीण, त्याच्या ओळखीचे जग आकाशात जाते, आणि हे भारताच्या उदाहरणातून स्वच्छ दिसते. मद्रास वेधशाळेत नॉर्मन पॉग्सन यांनी १८६१ मध्ये शोधलेला लघुग्रह आशियातून सापडलेला पहिला, म्हणून त्याचे नाव ‘एशिया’. पुढे त्यांनी तिथूनच सॅफो, सिल्व्हिया, कॅमिला आणि १८८५ मध्ये व्हेरा शोधले. मद्रासेत राहून तमिळ किंवा संस्कृत नाव त्यांना सुचले नाही. सीता आली ती व्हिएन्नाहून. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे भारतातून एकही लघुग्रह सापडला नाही. १९८८ मध्ये तामिळनाडूतल्या कवलूर येथील श्मिट दुर्बिणीवर ‘कल्की’ प्रकल्प चालवणाऱ्या आर. राजमोहन यांना एक सापडला आणि तो ४१३० रामानुजन झाला. तिथल्याच आणखी एकाला जे. सी. भट्टाचार्य यांचे नाव मिळाले. गणितज्ञ म्हणून रामानुजन १९८८ मध्ये अचानक मोठे झाले नव्हते. त्या वर्षी आपली दुर्बीण त्या कामाला लागली होती.

गेल्या पंचवीस वर्षांत शोधाचे काम स्वयंचलित सर्वेक्षणांकडे गेले. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेचा ‘लिनिअर’ प्रकल्प, अॅरिझोनातला ‘कॅटॅलिना’, हवाईतला ‘पॅनस्टार्स’ हे या काळातले मोठे शोधक ठरले. लिनिअरने आपला हक्क विज्ञान स्पर्धांतल्या विद्यार्थ्यांसाठी वापरला. म्हणून यादीत शाळकरी भारतीय मुलांची नावे अनेक वैज्ञानिकांच्या आधी आली आहेत. त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. पन्नास पौंडांपेक्षा हा निकष निश्चितच बरा.

ज्ञात लघुग्रह आज दहा लाखांच्या बरेच पुढे गेले आहेत, क्रमांक मिळालेले सात लाखांहून अधिक आहेत, नावे मात्र पंचवीस हजारांच्या आसपास आहेत. चिलीमधल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिली छायाचित्रे दाखवली, तेव्हा जेमतेम दहा तासांच्या निरीक्षणांत २,१०४ नवे लघुग्रह निघाले होते. नावे सुचवण्यावर कार्यगटाने मर्यादा घातलेली आहे, कारण प्रत्येक टिपण माणसाला वाचावे लागते. तेव्हा बहुसंख्य लघुग्रह आकड्यांवरच राहणार, आणि विज्ञानाचे त्याने काही अडत नाही.

आपल्याकडच्या शाळा-महाविद्यालयांतली मुले आता अशा सर्वेक्षणांची छायाचित्रे तपासण्याच्या मोहिमांत भाग घेतात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्या शिक्षकांना आणि बातमीदारांना एवढेच सांगणे की तात्पुरता निर्देशांक मिळणे ही सुरुवात आहे. क्रमांक मिळायला वर्षे लागतात आणि नाव त्याच्याही नंतरचे. एखादा लघुग्रह नेमका कोणत्या पायरीवर आहे हे मायनर प्लॅनेट सेंटरच्या यादीत कुणालाही फुकट पाहता येते. मथळा लिहिण्याआधी ते पाहावे. आणि पैसे घेऊन ताऱ्याला किंवा लघुग्रहाला तुमचे नाव देतो, असे सांगत कोणी प्रमाणपत्र पुढे केले, तर पाकीट खिशातच ठेवावे. आयएयू असल्या विक्रीला ओळखत नाही.